घरच्या घरीं : मोटारीच्या दारांची कुरकुर

घराचें दार कुरकुरूं लागलें म्हणजे आपल्याकडे कोणी सुताराला बोलावीत नाहीं. घरांतलें वडील माणूस उठतें, तेलाची वाटी घेतें, बिजागरींत दोन थेंब सोडतें आणि दार चारदां उघडून-मिटून पाहतें. हा उपाय इतका अंगवळणीं पडला आहे कीं, मोटारीचें दार कुरकुरूं लागलें म्हणजेहि हात आपोआप त्याच वाटीकडे जातो. ह्या महिन्याचें सदर तो हात थांबविण्यासाठीं लिहिलें आहे.

मोटारीच्या दारांतून चालत्या गाडींत येणारा आवाज पुष्कळदां बिजागरीचा नसतोच. दाराच्या चौकटीभोंवतीं जी काळी रबरी पट्टी बसविलेली असते, तिचा तो आवाज असतो. गॅरेजांतली मंडळी तिला ‘बीडिंग’ म्हणतात. ह्या पट्टीला तेल पाजलें तर आवाज त्याच दिवशीं थांबतो, आणि तेथेंच माणूस फसतो; कारण तेल लावल्याचें खरें फळ दोन-तीन महिन्यांनीं हातीं येतें. पट्टी निकामी झाली म्हणजे आंत पाणी येतें, धूळ येते, आणि मागच्या दाराची पट्टी असेल तर त्याहून वाईट वस्तु येते. तिच्याविषयीं पुढें सविस्तर लिहिलें आहे.

प्रथम आवाज उत्पन्न कसा होतो तें पाहूं. मोटारीचें धड पोलादी असलें तरी दगडासारखें अचल नसतें. एक चाक खड्ड्यांत गेलें आणि बाकीचीं तीन वर राहिलीं कीं सगळें धड किंचित् पिळतें, आणि दाराची चौकट अगदीं थोडी तिरपी होते. हा फरक डोळ्यांना दिसत नाहीं. पण दार आणि चौकट यांच्यामध्यें दाबून बसलेल्या रबराला तो तत्काळ कळतो. रबर रंगवलेल्या पत्र्यावर सरकूं पाहतें. परंतु तें सुरळीत सरकत नाहीं. क्षणभर चिकटून राहतें, ताण वाढला कीं एकदम सुटतें, थोडें घसरतें आणि पुन्हां चिकटतें. असें एका सेकंदांत अनेक वार घडलें म्हणजे जें ऐकूं येतें तीच ही कुरकुर. सारंगीचा गज तारेवर फिरतो तेव्हां हेंच घडत असतें, आणि गजाला राळ चोळतात ती ह्या चिकटण्यासाठींच. कोल्हापुरी वहाणेची करकर हीहि ह्याच कुळांतली. फरक इतकाच कीं, सारंगियाला सूर हवा असतो, वहाणेच्या शोकिनाला करकर हवी असते, आणि घाटांत मागच्या बांकावर नुकताच डोळा लागलेल्या आजीबाईंना दोन्ही नको असतात.

पट्टीवर राळेचें काम करते ती धूळ. रस्त्याची माती, न धुतलें गेलेलें साबणाचें पाणी, चकचकीत दिसावें म्हणून कोणीं तरी फासलेलें पॉलिश, हें सर्व रबरावर व समोरच्या पत्र्यावर सांचून वाळतें. कारखान्यांतून निघतांना रबरावर गुळगुळीत द्रव्याचा पातळ थर दिलेला असतो. तोहि कांहीं वर्षांनीं झिजतो. मग कोरड्या रबराची कोरड्या पत्र्याशीं गांठ पडते.

कुरकुर ही नव्या गाड्यांचीच व्याधि आहे, पूर्वीच्या गाड्या किती मजबूत होत्या, असें वडील मंडळी म्हणतात. त्यांच्या भावनेचा आदर राखून सांगावें लागतें कीं, पूर्वीच्या गाड्याहि कुरकुरत असत. इंजिनाच्या आवाजापुढें तें कोणाला ऐकूं येत नसे इतकेंच. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी पुष्कळांनीं वापरली असेल, निदान मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून तरी प्रवास केला असेल. ती टॅक्सी वयोमर्यादेमुळें ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून गेली. तिच्यांत बसून दाराच्या पट्टीचा आवाज वेगळा काढून दाखविणारा कान मिळणें कठीण होतें. हल्लींच्या गाड्यांचीं इंजिनें शांत झालीं, आणि विजेवर चालणाऱ्या गाडींत तर तो आवाज उरलाच नाहीं. त्यामुळें जी गोष्ट पूर्वीं झांकलेली होती ती उघडी पडली.

पट्टी कशाची असते हें कळल्यावांचून पुढचें पथ्य पटणार नाहीं. १८३९ मध्यें चार्ल्स गुडइयर याला गंधक व उष्णता यांच्या योगानें झाडाचें रबर टिकाऊ करण्याची युक्ति सांपडली, आणि मोटारी निघाल्यावर पुष्कळ वर्षें त्याच रबराच्या पट्ट्या दारांना बसवीत असत. त्या रबराच्या लांबलचक रेणूंत जागोजाग दुबळे सांधे असतात. हवेंतला ओझोन नेमका तेथें घाव घालतो, आणि ताणलेल्या रबराला बारीक चिरा पडत जातात. पुढें कार्ल त्सीग्लर व ज्युलिओ नाट्टा या दोघांच्या संशोधनानें, ज्याबद्दल त्यांना १९६३ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, एथिलीन व प्रॉपिलीन हे वायु जोडून निराळ्या जातीचें रबर करणें शक्य झालें. व्यवहारांत त्याला ‘ईपीडीएम’ म्हणतात. त्याच्या रेणूचा कणा अखंड असतो. दुबळे सांधे असतात ते बाजूच्या फांद्यांवर. त्यामुळें ओझोननें घाव घातला तरी कणा मोडत नाहीं. शिवाय त्यांत काजळी मिसळलेली असते. ती रबराला बळकटी देते आणि उन्हापासून त्याचें रक्षणहि करते. हल्लींच्या मोटारींच्या दारांभोंवतीं बहुतेक हेंच रबर असतें.

ऊन, पाऊस, ओझोन यांना पुरून उरणाऱ्या ह्या गुणी रबराला एक वैरी मात्र आहे, आणि तो म्हणजे खनिज तेल. हें रबर व तें तेल दोन्ही एकाच खनिज कुळांतलीं. म्हणून तेल त्याच्या अंगांत सहज शिरतें. रबर फुगतें, मऊ पडतें, आकार सोडतें. रॉकेल, पेट्रोल, डिझेल, इंजिनाचें तेल, चाकांचें ग्रीज, आणि ज्याच्यावर आपला फार विश्वास असतो तें व्हॅसलिन, हीं सर्व त्याच गोत्रांतलीं. गंजलेले स्क्रू सैल करण्याकरितां जें फवाऱ्याचें तेल मिळतें, तेंहि ह्याच यादींत धरावें. फुगलेली पट्टी खांचेंतून बाहेर डोकावूं लागते, दार लावतांना अडकते, आणि अखेर कोपऱ्यावर फाटते.

खोबरेल, गोडें तेल, तूप यांची गोष्ट थोडी निराळी असली तरी निकाल तोच. हीं तेलें हवेंत राहून खवट व चिकट होतात, त्यांवर धूळ बसते, आणि कांहीं दिवसांनीं पट्टीवर जो राप चढतो तो स्वयंपाकघरांतल्या जुन्या झाऱ्याची आठवण करून देतो. ज्या आवाजासाठीं तेल लावलें तो आवाज दुप्पट होऊन परत येतो. टाल्कम पावडर ही त्या मानानें निरुपद्रवी. उन्हाळ्यांत ती लावली तर कांहीं आठवडे आवाज बंद राहतो. पावसाळ्यांत मात्र तिची लापशी होते.

कोणताहि उपाय करण्यापूर्वीं आवाज खरोखर पट्टीचाच आहे कीं नाहीं, हें ठरविलें पाहिजे. गॅरेजांत गाडी नेऊन ‘आवाज येतो’ एवढेंच सांगितलें कीं आधीं बिजागऱ्या, मग चाकांवरचे झोले, मग आणखी कांहीं, अशी यात्रा सुरू होते. आणि प्रत्येक मुक्कामावर दक्षिणा द्यावी लागते. ही परीक्षा घरच्या घरीं दोन माणसांना करतां येते. गाडी उभी असतांना एकानें आंत बसून दारें लावून घ्यावीं. दुसऱ्यानें बाहेरून दाराच्या वरच्या चौकटीवर तळहात ठेवून हळूहळू दाबावें व सोडावें. तेथें कुरकुर झाली तर पट्टीवर संशय घ्यावा. खात्री करून घ्यावयाची तर जुन्या मलमलीच्या धोतराची लांब चिंधी काढून पट्टी आणि दार यांच्यामध्यें सगळीकडे येईल अशी ठेवावी, दार अलगद लावावें, आणि रोजच्या ज्या गतिरोधकावर आवाज होतो त्यावरूनच सावकाश गाडी न्यावी. आवाज बंद झाला तर चोर सांपडला. मग चिंधी एकेका बाजूची काढीत गेलें म्हणजे नेमका कोपरा कोणता तेंहि कळतें. बहुधा तो वरचा मागला कोपरा निघतो; कारण चौकटीचें तिरपें होणें तेथें अधिक जाणवतें.

चिंधी घालूनहि आवाज राहिला तर अन्यत्र पाहावें. दार उघडतां-मिटतांनाच आवाज येत असेल तर तो बिजागरीचा, किंवा दाराला अर्ध्यावर धरून ठेवणाऱ्या स्टॉपरचा. तेथें लोखंडावर लोखंड घासतें. तेथें तेल किंवा ग्रीज अवश्य द्यावें, फक्त ओघळ रबरावर येऊं देऊं नये. कुरकुर नसून ‘टक्’ असा आवाज येत असेल तर कुलूप ज्यांत अडकतें तो खांबावरचा लोखंडी आंकडा, म्हणजे स्ट्रायकर, जागेवरून हलला असण्याचा संभव आहे. कांच वर-खालीं करतांना किंचाळत असेल तर ती निराळी पट्टी. तिच्या खांचेंत मखमलीसारखी बारीक लव असते. त्या लवेंत ओलें द्रव्य घालूं नये, घाण तेवढी ओल्या फडक्यानें काढावी. आणि किणकिण होत असेल तर आधीं दाराच्या कप्प्यांतली चिल्लर, गोळ्यांची डबी व नातवाच्या खेळण्याचीं चाकें बाहेर काढून मग पुढचा विचार करावा.

आतां मुख्य काम. सकाळीं सावलींत गाडी उभी करावी. बादलीभर पाण्यांत थोडा सौम्य साबण, शक्यतों गाडी धुण्याचाच, विरघळवावा. मऊ फडकें त्यांत भिजवून पिळावें आणि पट्टी सबंध पुसावी. पट्टीची ओठासारखी कड असते ती बोटानें उचलून तिच्या खालची मातीहि काढावी; खरी माती तेथेंच दडलेली असते. ब्रश घासूं नये. तिनदां-चारदां पाणी बदलावें. ह्यानंतर दाराचा जो रंगवलेला भाग पट्टीवर टेकतो तोहि तितक्याच काळजीनें पुसावा. पुष्कळ लोक हा भाग विसरतात आणि मग उपाय लागू पडला नाहीं म्हणतात. घर्षण दोघांचें असतें, मग स्नान एकालाच घालून कसें भागेल? स्वच्छ पाण्याचा हात फिरवून कोरड्या फडक्यानें टिपावें आणि अर्धा तास दारें उघडीं ठेवून वाळूं द्यावें. रॉकेल, थिनर वगैरे ‘लवकर निघतें’ म्हणून कोणी सुचवील. नम्रपणें नाहीं म्हणावें.

नुसत्या ह्या स्नानानेंच निम्म्या गाड्यांची कुरकुर थांबते, असा आमचा अनुभव आहे. ज्यांची थांबली नाहीं त्यांनीं सिलिकोन वापरावें. सिलिकोनचें तेल नांवानें तेल असलें तरी कुळानें खनिज तेल नव्हे. त्याची घडण वाळूंतल्या सिलिकॉन ह्या मूलद्रव्यापासून सुरू होते आणि तें ईपीडीएम रबराच्या अंगांत शिरत नाहीं, वरच पातळ थर करून राहतें. मोटारींच्या सामानाच्या दुकानांत त्याचा फवारा मिळतो. डब्यावर रबरासाठीं योग्य असल्याचें लिहिलें आहे कीं नाहीं, तें वाचून घ्यावें. कारण कांहीं फवाऱ्यांत सिलिकोनबरोबर खनिज तेलहि मिसळलेलें असतें. फवारा पट्टीवर थेट मारूं नये, फडक्यावर मारून मग तें पट्टीवरून फिरवावें. थेट मारला तर तुषार कांचेवर, आसनांवर आणि रंगावर जातात. कांचेवर बसलेला थर पावसांत दृष्टि धूसर करतो. रंगावर बसला आणि पुढें कधीं गाडी रंगवायची वेळ आली तर त्या जागीं नवा रंग नीट धरत नाहीं, बुडबुड्यांसारखे डाग पडतात. मागच्या चाकाच्या ब्रेकवर गेला तर काय होईल तें सांगावयास नकोच. दहा-पंधरा मिनिटांनीं कोरड्या फडक्यानें जास्तीचें पुसून घ्यावें. हाताला निसरडें लागूं नये, पण बोट अडखळूं नये, इतकाच थर पुरे. जाड थरावर धूळ बसते आणि मूळपदावर यावें लागतें.

फवाऱ्याहून अधिक टिकणारें म्हणजे सिलिकोनचें ग्रीज. जपानच्या शिन-एत्सु कंपनीचें असें ग्रीज होंडा गाड्यांच्या पट्ट्यांसाठीं बरींच वर्षें वापरांत आहे. क्रायटॉक्स नांवाचें एक फ्लोरीनयुक्त ग्रीज त्याहूनहि टिकाऊ. पण त्याची किंमत ऐकून घरांतल्या हिशेब ठेवणाऱ्या व्यक्तीची कुरकुर सुरू होईल. जर्मनींत हिंवाळ्यांत दारें गोठून चिकटूं नयेत म्हणून पट्ट्यांवर हरणाच्या चरबीची कांडी फिरविण्याची जुनी चाल आहे. ती आपल्या घरांत येणें कठीण, आणि सुदैवानें तिची गरजहि नाहीं.

आतां ज्या वस्तूचा वर उल्लेख केला तिच्याविषयीं. पांच दारांची, म्हणजे मागें वर उघडणारें दार असलेली गाडी हल्लीं घरोघर आहे. मोठ्या कुटुंबाला ती सोयीची. ह्या मागच्या दाराच्या पट्टीकडे कोणाचें लक्ष नसतें, कारण तिच्याशेजारीं कोणी बसत नाहीं. परंतु चालत्या गाडीच्या मागें हवेचा भोंवरा तयार होतो, आणि धुराची नळी तेथेंच उघडते. पट्टी फाटलेली किंवा दबून चपटी झालेली असली तर त्या भोंवऱ्यांतला धूर फटींतून आंत ओढला जातो. धुराला वास असतो, पण त्यांतल्या कार्बन मोनॉक्साइड ह्या विषारी वायूला वास नाहीं, रंगहि नाहीं. प्राणवायु वाहून नेणारें रक्तांतलें जें द्रव्य, त्यालाच तो घट्ट धरून बसतो. डोकें जड होणें, मळमळणें, झोंप येणें हीं त्याचीं लक्षणें. आणि लांबच्या प्रवासांत मुलांना गाडी लागली किंवा दमलीं म्हणून झोंपलीं, असेंच आपण त्यांवरून समजतों. असा संशय आल्यास कांचा उघडून गाडी थांबवावी, सर्वांना मोकळ्या हवेंत आणावें, आणि लक्षणें उतरलीं नाहींत तर डॉक्टरांकडे न्यावें. कपाट किंवा शिडी नेण्यासाठीं मागचें दार दोरीनें अर्धवट बांधून गाडी चालविण्याची जी पद्धत आहे, ती ह्याच कारणासाठीं सोडावी, टेंपो बोलवावा. विजेच्या गाडीला स्वतःचा धूर नसतो, तेव्हां तिच्या मालकांना एवढी एक चिंता कमी.

ही परीक्षाहि सोपी आहे. वर्तमानपत्राची लांब पट्टी कापून दारांत धरावी, दार लावावें आणि कागद ओढून पाहावा. कागद अडखळत, ओढून घेत निघाला तर रबर दाबून बसलें आहे. सळकन् निघाला तर त्या जागीं फट आहे. हातभर अंतरानें सगळ्या दाराभोंवतीं असें करावें. मागच्या दाराला तर वर्षांतून दोनदां करावें.

पाण्याची तक्रार मात्र जरा फसवी असते. पायांखालचा गालिचा ओला झाला कीं दोष सरसहा पट्टीवर येतो. वस्तुतः पावसाचें कांहीं पाणी कांचेच्या कडेनें दाराच्या पोटांत जातें तें जावयाचेंच असतें. दाराच्या तळाशीं बारीक छिद्रें ठेवलेलीं असतात, त्यांतून तें खालीं गळून जातें. हीं छिद्रें मातीनें बुजलीं तर पाणी पोटांत सांचतें, दार उघडतांना खळखळ ऐकूं येते आणि पत्रा आंतून गंजतो. दांत कोरण्याच्या काडीनें तीं मोकळीं करावीं. कांहीं उत्साही कारागीर पाणी गळतें म्हणून तीं छिद्रेंच लांबीनें बुजवून देतात! दुसरें कारण असें कीं, दाराच्या आंतल्या आवरणामागें एक प्लास्टिकचा पडदा चिकटविलेला असतो. पोटांतलें पाणी बसण्याच्या बाजूला येऊं नये हें त्याचें काम. नवे स्पीकर बसवितांना तो पडदा फाडून टाकणारे फिटर थोडे नाहींत. गाण्याची हौस फिटते, आणि पहिल्याच पावसांत गालिचा भिजतो. पुष्कळ गाड्यांत त्या गालिचाखालून विजेच्या तारांचे जुडगे गेलेले असतात. आणि ओल्या गालिचाला जी बुरशी येते तिचा त्रास दम्याच्या माणसाला सर्वांत आधीं होतो. तेव्हां ताम्हिणीच्या पावसांत गाडी घालण्यापूर्वीं घरींच एकानें आंत बसावें आणि दुसऱ्यानें नळीचें पाणी आधीं दाराच्या खालच्या कडेवर, मग हळूहळू वर असें सोडावें. खालून वर जाण्याचें कारण उघड आहे. वरून सोडलेलें पाणी सगळीकडे ओघळतें, आणि फट कोठें आहे तें कळत नाहीं.

वर्षांतून तीनदां ही सेवा घडली तर पुष्कळ झालें. एकदां मृगाच्या आधीं, म्हणजे जूनचा पहिला आठवडा उजाडण्यापूर्वीं; दुसऱ्यांदा दसऱ्याला, तेव्हां गाडी धुतली जातेच; आणि तिसऱ्यांदा होळीच्या सुमारास, उन्हाळा तापण्याआधीं. दसऱ्याच्या पूजेनंतर दारांच्या खांचांतून झेंडूच्या पाकळ्या व हळदीकुंकू काढून टाकावें. ओल्या पाकळ्या तेथें कुजतात, आणि पट्टीखालचा पत्रा ओला राहतो.

उन्हाळा हा पट्टीचा खरा कसोटीचा काळ. रबर दाबून ठेवलें आणि तापविलें तर तें दबलेलाच आकार धरून बसतें. मग दार लागलें तरी फट राहते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यांत सावलींतला पारा ४५ अंशांवर जातो, आणि उन्हांत बंद उभ्या राहिलेल्या गाडीच्या आंत तर त्याहूनहि पुष्कळ. तेथें सावलीची जागा शोधणें हाच मोठा उपाय. मुलाकडे परदेशीं पांच-सहा महिने राहावयास जाणारीं वडील मंडळी गाडी इमारतीखालीं कुलूपबंद ठेवून जातात. परत येतात तों पट्टी रंगाला चिकटलेली असते आणि दार जोरानें ओढतांच तिची कड फाटून निघते. जाण्यापूर्वीं पट्ट्या धुऊन सिलिकोनचा हात फिरवावा, आणि घरांत मागें राहणाऱ्या कोणाला तरी पंधरा दिवसांनीं सगळीं दारें उघडून घटकाभर हवा देण्यास सांगून जावें. चिकटलेलें दार कधींहि झटक्यानें उघडूं नये. खालच्या कोपऱ्यापासून हलकेंच सोडवीत यावें.

आणखी एक कारण घरांतल्या घरांत बोलण्यास नाजूक आहे. गाडींतून उतरतांना आजोबा उघड्या दाराच्या वरच्या कडेवर सगळा भार टाकून उठतात. दार हें आधाराचें खांब नव्हे. वर्षानुवर्षें असें झालें कीं बिजागरी खचते, दार किंचित् खालीं येतें, आणि पट्टी वर सैल व खालीं घट्ट अशी बसते. म्हणून आजोबांना बोलूं नये. उतरणाऱ्या माणसाला हात देण्यास एक नातू आधीं खालीं उतरावा. छपराला आंतून धरावयाची जी कडी असते, तिचीहि संवय लावावी.

एवढें करूनहि कागद सळकन् निघत असेल, रबर कडक होऊन चिरलें असेल, किंवा पूर्वींच्या तेलानें फुगलें असेल, तर पट्टी बदलावी. ती त्याच गाडीसाठीं केलेली घ्यावी. मीटरवर मिळणारी सर्वांना चालणारी पट्टी क्वचितच कोणाला नीट बसते. पट्टीच्या पोकळ भागाला बारीक छिद्रें असतात. दार मिटतांना आंतली हवा तेथून बाहेर जाते, म्हणून तीं बुजवूं नयेत. जुनी पट्टी हातानेंच ओढून निघते. चौकटीची कड पुसून, गंज असेल तर आधीं त्याचा बंदोबस्त करून, नवी बसवावी. तिचा सांधा दाराच्या खालच्या बाजूस आला पाहिजे. बसवितांना ती ताणूं नये. ताणून बसविलेली पट्टी कांहीं दिवसांनीं आखडते आणि नेमकी कोपऱ्यांतून सुटते. उलट कोपऱ्यांशीं थोडी सढळच सोडावी, आणि तळहातानें ठोकून बसवीत जावें.

नव्या पट्टीनें दार लावावयास जोर लागूं लागतो, आणि दुसऱ्याच दिवशीं घरांतून तक्रार येते. तेवढ्यासाठीं फिटरकडून स्ट्रायकर बाहेर सरकवून घेऊं नये. दोन-तीन आठवड्यांत रबर आपल्या जागीं बसतें आणि दार हलकें होतें. स्ट्रायकर आधींच सरकविला असेल तर त्या वेळीं तेंच दार सैल लागूं लागेल. त्यानंतरहि जड राहिलें तरच स्ट्रायकरला हात लावावा, आणि तोहि त्याच्या मूळच्या जागेभोंवतीं पेन्सिलीची रेघ ओढून ठेवल्यावर.